साखर!

दिवाळीच्या अंकात साखरेविषयी लिहायचे नाही, तर मग लिहायचे तरी केव्हा? पण वाचकहो, घाबरू नका. शंकरपाळ्यांचे प्रमाण मी सांगणार नाही. तो अधिकार घरोघरच्या गृहिणींचा. मला सांगायची आहे एका गायिकेची गोष्ट. रंगमंचावर आली की ती एकच शब्द ललकारत असे – ‘आसूकार!’ स्पॅनिश भाषेत आसूकार म्हणजे साखर.

तिचे नाव सेलिया क्रूस. १९२५ साली क्युबाच्या राजधानीत, हवानात जन्मली. वडील रेल्वेत आगवाले. भावंडे, आते-मामेभावंडे मिळून घरात पोरांचे खटले मोठे, आणि धाकट्यांना निजवायचे काम सेलियाकडे. पण ती अंगाई म्हणू लागली की पोरे टक्क जागी राहत आणि शेजारीपाजारी दाराशी गोळा होत!

वडिलांचे म्हणणे मात्र एकच : मुलीने मास्तरीण व्हावे, चारचौघांपुढे गाऊ नये. (हे वडील हवानाचे की सदाशिव पेठेतले, असे तुम्ही विचाराल. बाप सगळीकडे सारखाच!) तिने अध्यापनाचे शिक्षण घेतलेही. पण मध्येच नातलगाने तिला रेडिओवरच्या स्पर्धेत नेले आणि ती बक्षीस म्हणून केक घेऊन घरी आली. शेवटी तिच्या एका शिक्षिकेनेच सांगितले म्हणे, की बाई गं, मला महिन्याला मिळते ते तू गाऊन एका दिवसात मिळवशील.

१९५० साली ‘सोनोरा मातान्सेरा’ या नामांकित वाद्यवृंदात तिला जागा मिळाली. आधीची गायिका लोकांची लाडकी. तेव्हा रेडिओ केंद्राकडे तक्रारींची पत्रे आली. अमेरिकेतली रेकॉर्ड कंपनी म्हणाली, बाईच्या आवाजातला रुंबा कोण विकत घेणार? वाद्यवृंदाचे प्रमुख रोहेलिओ मार्तिनेस तिच्या पाठीशी उभे राहिले. तबकडी निघाली, आणि धडाक्याने खपली.

१९५९ साली क्युबात क्रांती झाली. जुलै १९६० मध्ये वाद्यवृंद कार्यक्रमांसाठी मेक्सिकोला गेला, तो परतलाच नाही. १९६२ च्या एप्रिलमध्ये हवानात सेलियाची आई वारली. मातीला तरी जाऊ द्या, म्हणून तिने परवानगी मागितली. कास्त्रो सरकारने ती नाकारली. कीर्ती, पैसा सारे होते. आईचे अंत्यदर्शन तेवढे नव्हते. मला विचाराल, तर या बाईच्या खळाळत्या गाण्यांखाली हा एक दगड कायम आहे.

त्याच वर्षी जुलैत तिने वाद्यवृंदातल्या पेद्रो नाइट या ट्रम्पेटवादकाशी लग्न केले. पुढे त्याने आपले वाद्य बाजूला ठेवून बायकोचा कारभार सांभाळला. आपल्याकडे असे नवरे किती, ते मोजायला दोन हातांची बोटे लागणार नाहीत! १९७४ साली जॉनी पाचेकोबरोबर तिची जी तबकडी निघाली, तिने न्यूयॉर्कच्या तरुण पिढीलाही वेड लावले. ‘साल्साची राणी’ हे बिरुद तिला चिकटले ते कायमचे.

आणि ती साखर? मायामीच्या एका हॉटेलात वेटरने विचारले, कॉफीत साखर घालू का? ती म्हणाली, तू क्युबाचा ना? मग हे काय विचारणे! हा किस्सा ती कार्यक्रमात सांगे. पुढे किस्सा गळला, शब्द उरला. पण त्या शब्दाला कडू चवही आहे. क्युबाच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबले. तिथली गुलामगिरी संपली ती १८८६ साली. सेलिया त्याच काळ्या लोकांची लेक.

१९९० साली क्युबातच असलेल्या अमेरिकेच्या ग्वांतानामो नाविक तळावर ती गायली, आणि निघताना तिथली माती बरोबर घेतली. १६ जुलै २००३ रोजी ती न्यू जर्सीत वारली. न्यूयॉर्कच्या वुडलॉन स्मशानभूमीत ती माती तिच्यासोबत ठेवली गेली.

२०२४ साली अमेरिकेने पाव डॉलरच्या नाण्यावर तिची छबी काढली. शेजारी तोच शब्द – साखर! नाणे हातोहात फिरेल. मला मात्र राहून राहून आठवते ती मूठभर माती. आईच्या वेळी जी तिला मिळाली नाही.