विहिरीच्या पाण्याचा आलेख

पौषात विहीर भरलेली दिसली की उन्हाळी भुईमूग पेरावयाचा आणि चैत्रात पंप हवा ओढू लागला की कपाळाला हात लावावयाचा, हा प्रकार अनेक गावांत दरसाल घडतो. पाणी किती आहे हे सारे पाहतात. ते कोणत्या गतीने उतरते आहे हे कोणी मोजत नाही.

मोजणीस खुणा केलेला दोर व वजन पुरे. आठवड्यातून एकदा, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे. समजा, १ जानेवारीस ते ४ मीटर भरले आणि पुढील नोंदी ४.४, ४.८ व ५.२ मीटर आल्या. दर वेळी ४० सेंटिमीटरची सारखी भर पडते. शाळेच्या गणितातील अंकगणिती श्रेढी ती हीच. चौकटीच्या कागदावर आडवे आठवडे व वरून खाली खोली मांडली असता टिंबे सरळ रेषेत येतात. थोडी इकडेतिकडे पडली तरी मधून रेषा ओढावी. दोनच टिंबांवर मात्र विसंबू नये. दोन टिंबांतून रेषा नेहमीच जाते!

पंपाचा फूटव्हॉल्व्ह १० मीटरवर असेल तर रेषा तेथे सोळाव्या नोंदीस, म्हणजे १६ एप्रिलला पोहोचते. नोंदी सोळा, पण आठवडे पंधराच. ही चूक सर्रास होते, आणि उन्हाळ्यात एक आठवडा म्हणजे जवळजवळ पाण्याची एक पाळी होय. जानेवारीअखेर पेरलेला भुईमूग सुमारे ११५ ते १२० दिवसांनी निघतो. म्हणजे नेमक्या शेंगा भरण्याच्या वेळी पाणी संपावयाचे.

शिवाय काळ्या पाषाणाच्या मुलखात पाझर मुख्यतः वरच्या मुरमातून येतो. पातळी त्याखाली गेली की आवक मंदावते, ऊन वाढते व रेषा खाली वाकते. म्हणून आलेखातील तारीख ही उशिरात उशिराची समजावी. चौथी नोंद २२ जानेवारीस होते. पेरणीची मुदत १५ फेब्रुवारीपर्यंत असल्याने क्षेत्र कमी करण्यास अवधी उरतो.

मात्र शेजारच्या विहिरी त्याच पाझरावर असल्यास एकट्याने क्षेत्र घटवून भागत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. त्यावरून एका शिवाराची पेरणी ठरत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने गावातील पाच-सहा विहिरींचे आलेख जानेवारीतच ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत आणि दर आठवड्याचे टिंब विहीरमालकाच्याच हातून देववावे.