नैसर्गिक जेललाही रुग्णालयातील कसोटी हवी



मध, हळदीतील कर्क्युमिन किंवा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसन मिसळलेले हायड्रोजेल चिघळलेल्या जखमांवर प्रतिजैविकांना पर्याय ठरेल, अशा आशयाचे लेखन अलीकडे वारंवार वाचायला मिळते. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२.७ लाख मृत्यू ओढवल्याचा अंदाज लक्षात घेता या संशोधनाचे स्वागतच व्हायला हवे. मात्र काचपात्रात जिवाणू मरणे आणि रुग्णाची जखम भरून येणे यांत मोठे अंतर असते, आणि ते पार करण्याची जबाबदारी सार्वजनिक रुग्णालयांनी व शासकीय निधीने उचलल्याशिवाय या आशेला अर्थ उरणार नाही.

हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारे, पण स्वतः पाण्यात न विरघळणारे बहुवारिकाचे जाळे होय. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले की, झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या, खपली धरलेल्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने पसरते. हायड्रोजेल नेमका हाच ओलावा राखते आणि पट्टी बदलताना जखमेला चिकटत नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्साराच्या साहाय्याने अशी जेलपट्टी पूर्वीच विकसित केली असून, त्या पद्धतीत जाळे जुळणे आणि पट्टी निर्जंतुक होणे ही दोन्ही कामे एकाच वेळी साधतात.

या जाळ्यात घातलेल्या नैसर्गिक घटकांची कार्यपद्धती एकसारखी नसते. मध त्यातील दाट साखर, आम्लता आणि विकराच्या क्रियेतून तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड यांमुळे जिवाणूंना रोखतो, तर धनभारित कायटोसन जिवाणूंच्या ऋणभारित आवरणाला चिकटून ते खिळखिळे करते. परंतु जुनाट जखमेत जिवाणू सुटे नसतात. स्वतःभोवती चिकट थर, म्हणजे जैवपटल, उभारून ते त्यात दडतात आणि तेथे काचपात्रातील मात्रा पुष्कळदा अपुरी पडते. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, लवकर विघटित होते आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांत फसवे अनुकूल निकाल देऊ शकते, असा इशारा २०१७ मधील एका विस्तृत समीक्षेने दिला आहे. शिवाय उंदराची सैल त्वचा आक्रसून जखम मिटवते, माणसाची जखम मात्र मुख्यतः नवी त्वचा वाढून भरते. म्हणून निरोगी उंदरावरील यश मधुमेही पायाच्या जखमेला सरसकट लागू होत नाही.

रुग्णांवरील चाचण्या खर्चिक असल्याने स्वस्त उपाय मागे पडतील, हा आक्षेप महाराष्ट्रातील अनुभवापुढे टिकत नाही. सोलापूरच्या वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात १०४ भाजलेल्या रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन हे प्रचलित मलम यांची तुलना झाली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के, तर दुसऱ्या गटातील केवळ ७ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या. मुंबईच्या शीव रुग्णालयात केळीच्या पानांच्या पट्टीची उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीशी तुलना करण्यात आली. साधने साधी असली तरी तुलना शिस्तीने करता येते, हे या दोन्ही प्रयत्नांनी सिद्ध केले. मात्र सोलापुरातील तफावतीइतक्या ठळक निष्कर्षांची इतर केंद्रांत स्वतंत्र फेरतपासणी होणेही तितकेच आवश्यक असते.

परंपरेचा दाखला पुरेसा मानणाऱ्यांनी हळदीच्या पेटंटचा निकाल बारकाईने पाहावा. जखमेवर हळद वापरण्याबाबत अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले, कारण हा उपयोग भारतात पूर्वापार ज्ञात होता. त्या निकालाने ज्ञानाची मालकी वाचवली. कोणत्या जखमेवर, किती मात्रेत आणि किती काळ हळद गुणकारी ठरते, हा प्रश्न त्या वादाचा विषयच नव्हता.

म्हणून अशा प्रत्येक जेलची तुलना एकीकडे प्रचलित उपचाराशी आणि दुसरीकडे नैसर्गिक घटक नसलेल्या त्याच जेलशी व्हावी, अन्यथा ओलाव्याचे श्रेय हळदीला किंवा मधाला मिळेल. घटकाचे प्रमाण प्रत्येक खेपेत सारखे असल्याची तपासणी व्हावी, मधातील जिवाणूंचे बीजाणू गॅमा किरणांनी नष्ट केलेले असावेत, आणि प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे. संसर्ग जखमेबाहेर पसरून ताप आल्यास केवळ जेलवर विसंबणे प्राणघातक ठरू शकते, ही सूचना वेष्टनावर ठळक मराठीत छापली जावी. भाजलेले आणि मधुमेही पायाचे रुग्ण ज्या शासकीय व महापालिका रुग्णालयांत मोठ्या संख्येने येतात, तेथेच रुग्णांच्या संमतीने या चाचण्या सुरू करण्यासाठी राज्य शासनाने स्वतंत्र निधीची तरतूद करावी.

— एक वाचक