ब्रश हातात घ्या, पण जरा जपून!

वर्डमधली फॉन्टची यादी सरकवत ‘एम’पाशी आलात की एक नाव दिसतं : मिस्ट्राल. ब्रशने भराभर खरडल्यासारखी, एकमेकांचा हात धरून पळणारी इंग्रजी अक्षरं. २०११च्या ‘ड्राइव्ह’ सिनेमाची ती गुलाबी श्रेयनामावली आठवतेय? तोच हा पठ्ठ्या!

तर मंडळी, हे अक्षर एका खऱ्याखुऱ्या माणसाचं आहे. फ्रेंच डिझायनर रॉजर एक्सकोफाँ यांनी १९५३मध्ये आपल्याच हस्ताक्षरावरून हा फॉन्ट तयार केला. मार्सेच्या ऑलिव्ह फाउंड्रीने तो बाजारात आणला. नाव ठेवलं दक्षिण फ्रान्समधल्या बोचऱ्या वाऱ्याचं. तेव्हा छपाईसाठी धातूचे सुटे खिळे जुळवायचे. आपल्या देवनागरीला शिरोरेषेचा आधार असतो. रोमनला तोही नाही. तरीही कुठलाही खिळा कुठल्याही खिळ्याशेजारी बसवला, की एकाची शेपटी दुसऱ्याला बरोब्बर भिडायला हवी. ते त्यांनी जमवलं!

आता आपल्या कामाचं बोलू. असा फॉन्ट मोठ्या आकारात, दोन-चार शब्दांपुरताच वापरायचा. बारीक केलात की त्याच्या खडबडीत कडा म्हणजे नुसते डाग. सगळी कॅपिटल्स तर अजिबात नकोत, ती एकमेकांना जोडलेलीच नसतात. आणि अख्खा परिच्छेद? वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर थोडी दया करा! शिवाय प्रसंग बघा. पगारवाढीचं पत्र अशा झोकदार अक्षरात आलं, तर रक्कम खरी वाटेल का तुम्हाला?

आणखी एक गोची आहे. ‘हॅपी’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा. त्यातले दोन ‘पी’ अगदी जुळे भाऊ! माणसाच्या हाताला हे कधीच जमत नाही. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षकं आठवा. तिथे त्या-त्या नाटकासाठी अक्षर हाताने घडवलेलं असायचं. फॉन्टमध्ये हात एकदाच फिरतो, नंतर सगळ्या कॉप्या.

म्हणून काय वापरायचाच नाही? वापरा की, बिनधास्त! फक्त हस्ताक्षराचं काम त्याच्यावर ढकलू नका. कुणीतरी आपल्यासाठी दोन मिनिटं थांबून लिहिलंय, हे हाताचं अक्षर न बोलता सांगतं. आणि खरं सांगा, शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राचं अक्षर तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? रोज पन्नास मेल येतात त्याचे, पण त्याचा ‘क’ कसा दिसतो ठाऊक नाही.

पुढच्या फेअरवेल कार्डावर एवढंच करा. वर नाव मिस्ट्रालमध्ये, मोठ्ठं, झोकात. खालची जागा कोरी. मग पेन सगळ्या टेबलांवरून फिरू द्या. अक्षर वाईट असलं तरी चालेल, राव. ते तुमचं असतं!