विश्लेषण : पडद्यावरचा फॉरेन्सिक अहवाल पाच मिनिटांत, मग वऱ्हाडातला व्हिसेरा महिनोन्‌महिने का अडतो?

‘सीआयडी’चे जुने-नवे भाग आता मोबाइलवर केव्हाही पाहता येतात. अमरावती आणि अकोल्यातही ही मालिका पुन्हा घराघरांत दिसू लागली आहे. तिच्यातल्या ‘विज्ञाना’ची कुणी टर उडवते, तर कुणी तिच्यात जुने दिवस शोधते. मात्र मालिकेची खरी गफलत वेळेच्या हिशेबात आहे. वऱ्हाडातल्या अनेक कुटुंबांसाठी हा हिशेब मनोरंजनापुरता उरत नाही. घरातल्या माणसाचा मृत्यू कशाने झाला आणि मदत मिळणार की नाही, हे त्या अहवालावर ठरते.

मालिका पुन्हा घरात कशी आली?

बी. पी. सिंग यांची ‘सीआयडी’ २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले. २००४ मध्ये तिचा १११ मिनिटांचा एक भाग कुठेही न थांबता एकाच सलग शॉटमध्ये चित्रित झाला आणि त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये नवे पर्व आले, तर फेब्रुवारी २०२५ पासून मालिका नेटफ्लिक्सवरही दिसू लागली. जुने भाग यूट्यूब आणि सोनी लिव्हवर आहेतच.

पूर्वी ठरल्या वेळी टीव्हीपुढे बसावे लागे. भारनियमनाच्या काळात वीज गेली की विदर्भातल्या प्रेक्षकाचा भाग हुकला म्हणून समजायचे. सुरुवातीच्या वर्षांत एकच प्रकरण दोन-तीन भागांत चाले. खुनी कोण, हे कळायला पुढच्या आठवड्याची वाट पाहावी लागे. आता तेच भाग एकापाठोपाठ एक लागतात, कंटाळवाणे वाटले तर पुढे सरकवता येतात. मालिकेत जी थोडीफार प्रतीक्षा होती, तीही संपली.

प्रेक्षक काय म्हणतात?

मोठा वर्ग जिव्हाळ्याने पाहणाऱ्यांचा आहे. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न, आदित्य श्रीवास्तव यांचा अभिजीत, दयानंद शेट्टी यांचा दया ही त्यांच्यासाठी घरचीच माणसे. एप्रिल २०२५ मध्ये प्रद्युम्न यांचा मृत्यू दाखवला गेला तेव्हा प्रेक्षक इतके चिडले, की पुढे साटम मालिकेत परतले.

दुसरा वर्ग थट्टा करणाऱ्यांचा. दार तोडणारा दया आणि रंगीत द्रवांच्या चंबूंमध्ये रमलेले डॉ. साळुंखे हे त्यांच्या रील्सचे हक्काचे विषय. एका केसावरून, मातीच्या कणावरून किंवा पेल्यातल्या थेंबावरून पाच मिनिटांत खुनी कसा सापडतो, हा त्यांचा आक्षेप रास्तच आहे.

तिसरा वर्ग फारसा बोलत नाही. घरात कुणाचा अकस्मात मृत्यू झाला, पोलिसांनी मर्ग दाखल केला, शवविच्छेदन झाले आणि मग ‘रिपोर्ट आला काय, साहेब?’ असे विचारत ज्यांनी ठाण्याच्या चकरा मारल्या, असे हे लोक. साळुंखेंचा झटपट अहवाल त्यांना वेगळाच दिसतो. इतरांना ज्याचे हसू येते, ते त्यांना प्रत्यक्षात मिळायला हवे होते.

पडद्यावरची आणि खरी प्रयोगशाळा यांत फरक काय?

मालिकेत डॉ. साळुंखे एकटेच सगळे करतात. मृतदेह तपासतात, विष ओळखतात, डीएनए जुळवतात, गोळी कोणत्या पिस्तुलातून सुटली तेही सांगतात. प्रत्यक्षात शवविच्छेदन डॉक्टर करतात. ते अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात, अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा तालुक्याच्या रुग्णालयात होते. विषाची तपासणी प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ करतात. डीएनए, शस्त्रे आणि सायबर यांचे विभाग वेगवेगळे असतात.

अमरावती विभागासाठी अमरावतीत प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. गृह विभागाच्या अखत्यारीतील राज्य संचालनालयाची ती शाखा आहे. तिथले तज्ज्ञ आरोपीच्या मागे धावत नाहीत, बहुतेक वेळा त्यांना आरोपीचा चेहराही ठाऊक नसतो. त्यांच्यापुढे येते ती सीलबंद बरणी आणि पोलिसांचे पत्र. पोलीस ठाण्यांत या अहवालाला आजही जुन्या ‘केमिकल अॅनालायझर’ या पदनामावरून ‘सीए रिपोर्ट’च म्हणतात.

व्हिसेराचा प्रवास कसा होतो?

विषबाधेचा संशय असेल तर डॉक्टर जठर व त्यातील द्रव्य, लहान आतड्याचा भाग, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे राखून ठेवतात. सहसा ते मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवले जातात, रक्ताचा नमुना वेगळा असतो. बरण्यांना सील लागते, लेबल लागते आणि पोलीस कर्मचारी त्या प्रयोगशाळेत पोहोचवतो. नमुना कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला, याची नोंद प्रत्येक टप्प्यावर हवी. सील तुटले किंवा नोंद चुकली की न्यायालयात बचाव पक्ष नेमके तिथेच बोट ठेवतो.

प्रयोगशाळेत अवयवांतून विष वेगळे काढावे लागते. त्यानंतर थिन लेयर क्रोमॅटोग्राफीसारख्या चाचण्या आणि गरजेनुसार यंत्रांवरील खातरजमा होते. तोवर शवविच्छेदनाच्या कागदावर मृत्यूच्या कारणापुढे ‘मत राखून ठेवले, व्हिसेरा जतन’ एवढीच नोंद असते. अहवाल आल्यावर डॉक्टर अंतिम मत देतात. म्हणजे एका मृत्यूचे कारण लिहिण्यासाठी रुग्णालय, पोलीस आणि प्रयोगशाळा या तिघांची गाठ पडावी लागते. तिघांपैकी कुणाकडेही कागद अडकला तरी कुटुंब थांबते.

आणखी एक गोष्ट मालिका कधी सांगत नाही. अहवाल ‘विष आढळले नाही’ असा आला, तरी विषबाधा झालीच नव्हती असे ठरत नाही. उलट्या, जठर धुण्याचे उपचार, रुग्णालयात गेलेले दिवस किंवा मृतदेहाचे कुजणे यांमुळे विषाचा माग पुसला जाऊ शकतो. विष आढळले, तरी ते कुणी दिले की स्वतः घेतले, हे बरणी सांगत नाही. त्यासाठी पंचनामा, कपडे, घटनास्थळ आणि माणसांचे जबाब लागतात.

वऱ्हाडात हा अहवाल इतका महत्त्वाचा का?

कारण इथे विष शेतात आणि घरात, दोन्हीकडे असते. कपाशीच्या हंगामात फवारणी अटळ असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. अमरावती विभागाने तेव्हा फवारणीचा धोका जवळून पाहिला. याच विभागाला शेतकरी आत्महत्यांचीही मोठी झळ बसली आहे. अनेकदा दोन्हींत कीटकनाशक तेच असते.

सरकारी कागदावर मात्र या दोन मृत्यूंच्या वाटा वेगळ्या आहेत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. विषबाधेच्या प्रकरणात रासायनिक विश्लेषण अहवाल मागितला जातो आणि आत्महत्या या योजनेत बसत नाही. शेतकरी आत्महत्येसाठी १ लाखाची मदत आहे, पण तिचे निकष वेगळे आणि निर्णय करणारी समितीही वेगळी. म्हणजे दर्यापूर किंवा तेल्हाऱ्यातल्या एखाद्या विधवेला कोणत्या खिडकीपुढे उभे राहायचे, हेसुद्धा आधी त्या अहवालाने आणि त्यावरच्या डॉक्टरांच्या मताने ठरते. तो महिनोन्‌महिने आला नाही, तर पुढची पेरणी कर्जावर होते आणि गावात कुजबूज सुरू राहते ती वेगळीच.

गुन्ह्याच्या प्रकरणातही अहवालाचा उशीर दोन्ही बाजूंना महागात पडतो. पोलीस मुदतीत दोषारोपपत्र दाखल करतात आणि ‘सीए रिपोर्ट प्रलंबित’ असे लिहितात. निर्दोष माणूस असेल तर तो कोठडीत वाट पाहतो, मृताचे नातेवाईक न्यायालयाबाहेर.

मालिकांमुळे लोकांच्या अपेक्षा वाढतात का?

अमेरिकेत ‘सीएसआय’ ही मालिका २००० मध्ये आली आणि ‘सीएसआय इफेक्ट’ हा शब्द रूढ झाला. मालिका पाहणारे ज्युरी वैज्ञानिक पुरावा नसेल तर आरोपीला सोडून देतील, अशी सरकारी वकिलांची धास्ती होती. मिशिगनमधील न्यायाधीश डोनाल्ड शेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्युरी म्हणून बोलावलेल्या १,०२७ लोकांची पाहणी केली. मालिका पाहणाऱ्यांच्या अपेक्षा जास्त असल्याचे दिसले, पण त्यामुळे निकाल बदलतील असे ठोसपणे आढळले नाही.

भारतात ज्युरी नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. त्यामुळे इथला परिणाम न्यायालयात शोधून उपयोग नाही, तो ठाण्याच्या पायरीवर दिसतो. घटनास्थळी हात लावू नये, रक्ताचे कपडे धुऊ नयेत, औषधाचा डबा फेकू नये, एवढे भान या मालिकांनी नक्कीच दिले. ‘फॉरेन्सिक’ हा शब्द आजीच्या तोंडी बसवण्याचे श्रेयही ‘सीआयडी’चेच. पण तिने त्याचबरोबर असाही समज रुजवला, की हुशार डॉक्टर आणि धाडसी पोलीस असले की अहवाल आपोआप येतो. मग उशीर झाला की लोक समोरच्या हवालदारावर चिडतात. प्रयोगशाळेत पदे किती रिकामी आहेत, रसायने आणि यंत्रे आहेत का, असे मात्र कुणी विचारत नाही. या रिक्त पदांवरून आणि साचलेल्या नमुन्यांवरून न्यायालयांनी सरकारला सुनावले आहे. प्रेक्षकांच्या गप्पांत तो विषय येत नाही.

नव्या कायद्याने काय बदलेल?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे आवश्यक केले आहे. त्याची तयारी करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. महाराष्ट्रात त्यासाठी फिरत्या न्यायवैद्यक व्हॅनही सुरू झाल्या. कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांत तक्रारदार किंवा पीडिताला कळवायची आहे.

ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र व्हॅन घटनास्थळी गेली की नमुने वाढणार आणि ते शेवटी त्याच प्रयोगशाळेच्या दारात येणार. तिथे टेबलामागे माणूस नसेल तर व्हॅनमुळे रांगच लांबेल. शिवाय ९० दिवसांची तरतूद गुन्ह्याच्या तपासासाठी आहे. मर्गच्या चौकशीत अडकलेल्या शेतकरी कुटुंबाला तिचा थेट आधार मिळत नाही.

मग प्रेक्षकांनी काय मागावे?

मालिका खरीखुरी करा, अशी मागणी सोपी आहे. ती काही प्रमाणात शक्यही आहे. २०१९ मध्ये आलेल्या ‘दिल्ली क्राइम’ने पोलिसांकडच्या साधनांची टंचाई दाखवली आणि तरीही प्रेक्षक खिळून राहिले. ‘सीआयडी’तही ‘अहवाल यायला तीन महिने लागतील’ असे एक वाक्य आले तर कथेचे काही बिघडणार नाही. उलट त्या तीन महिन्यांत साक्षीदार कसे फिरतात, घर कसे तगते, हीच वेगळी गोष्ट होईल.

पण साळुंखेंकडून वेळेचा हिशेब मागण्यापेक्षा तो सरकारकडून मागणे अधिक उपयोगाचे आहे. विषबाधेच्या मर्गमध्ये व्हिसेरा अहवालाला मुदत हवी. नमुना कधी पोहोचला आणि कुठे आहे, हे नातेवाइकांना मोबाइलवर कळायला हवे. पार्सल कुठवर आले ते कळते, तर बरणी कुठवर आली हे न कळण्याचे कारण नाही. फवारणीच्या हंगामात अमरावतीच्या प्रयोगशाळेला जादा मनुष्यबळ हवे. आणि अहवाल रखडल्याचा भुर्दंड अनुदानाच्या अर्जावर पडू नये, कारण तो उशीर अर्जदाराने केलेला नसतो.

मालिकेवर हसणारे आणि तिच्यावर जीव लावणारे, दोघांनाही एक गोष्ट मान्य असते : मृत्यूचे कारण कळलेच पाहिजे. प्रत्येक भागाच्या शेवटी ते कळते, म्हणून तर लोक पुन्हा पुन्हा पाहतात. वऱ्हाडातल्या घरांनाही ते कळावे, आणि पेरणीआधी कळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.