शिष्टाचाराचे धडे कोणाला?

समाजमाध्यमांवरील संभाषण निकोप व्हावे, अशी हाकाटी अलीकडे सर्वत्र चालू आहे. आणि ती करणाऱ्यांत या माध्यमांचे मालकही मागे नाहीत! लोकांनी संयम पाळावा, शिवीगाळ टाळावी, असा त्यांचा उपदेश. उपदेश वाईट नाही. परंतु गंजीला काडी लावणाऱ्यानेच गावाला सावधगिरी शिकवावी, असा हा शहाजोगपणा आहे.

कोणता मजकूर किती लोकांपुढे ठेवायचा, हे ठरविणारे गणित कंपनीच्या हाती असते. २०१७ साली फेसबुकने या गणितात साध्या पसंतीला एक, तर संतापासह अन्य भावचिन्हांना पाच गुण दिले. म्हणजे माणूस जितका चिडेल, तितका मजकूर फैलावणार. कंपनीच्याच संशोधकांनी धोक्याचा इशारा दिला होता, हे फ्रान्सिस हॉगेन यांनी २०२१ मध्ये उघड केलेल्या कागदपत्रांवरून जगाला कळले. संतापाचे गुण शून्यावर येण्यास २०२० साल उजाडावे लागले. माणूस मुळातच भांडखोर, असे म्हणणाऱ्यांनी सांगावे: हे पाच गुण काय मनुष्यस्वभावाने दिले होते?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. अशा अफवा त्या काळात मोबाइलवरून देशभर फिरत होत्या. मारणाऱ्या हातांचा गुन्हा त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली, आणि अशा संदेशांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. कळ मालकाच्या हाती होती. ती फिरविण्यासाठी आधी माणसे मरावी लागली.

आणि साचलेली घाण उपसतो कोण? नैरोबीतील कंत्राटी कामगार. त्यांतील काहींना तासाला जेमतेम दीड डॉलर मिळत असल्याचे २०२२ मध्ये उजेडात आले.

कार्यकर्त्यांनीही विरोधकाला ‘विकाऊ’ ठरवून वाद मिटविण्याची खोड सोडलेली बरी. मालकाच्या गल्ल्यात ती फुकटची भर आहे. मात्र खरा लढा त्या गणिताशी आहे. युरोपीय संघाने २०२२ च्या कायद्याने मजकूर निवडण्याचे मुख्य निकष जाहीर करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. भारताच्या २०२१ च्या नियमांचा भर मात्र मजकूर हटविण्यावर आणि संदेशाचा मूळ प्रेषक शोधण्यावर. कोण बोलला, याची सरकारला एवढी चिंता. त्याचे बोलणे लाखोंपर्यंत कोणी व कशासाठी पोहोचविले, हे विचारायला मात्र त्याची जीभ रेटत नाही.