ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

कॉलेजचे प्रवेश आटोपले की पालक आम्हाला गाठतात. पूर्वी प्रश्न असायचा, घरी कॉम्प्युटर घ्यावा की नको. आता कॉम्प्युटर आलेला असतो आणि मुलगा किंवा मुलगी ग्राफिक्स कार्ड मागत असते. हे कार्ड म्हणजे काय, आणि त्याला एवढे पैसे का पडतात? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. कित्येक घरांत कार्डाची किंमत महिन्याच्या किराण्याहून जास्त असते, आणि आपल्या मशीनला न जुळणारे कार्ड घरी आले तर दुकानदार ते सहजासहजी परत घेत नाही.

पडद्यावर चित्र दाखवण्याची सोय बहुतेक प्रोसेसरमध्येच असते. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो, त्यांत ती नसते. तिथे कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो. एरवी टायपिंग, एक्सेल, टॅली, ऑनलाइन तास, तिलावत किंवा बयान ऐकणे, यांतल्या कशालाही वेगळे कार्ड लागत नाही. मशीन सुरू व्हायला पाच मिनिटे घेत असेल तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तिथे एसएसडी बसवावी, रॅम वाढवावी. खर्च कमी आणि फरक त्याच दिवशी दिसतो. कार्ड खऱ्या अर्थाने कामाला येते ते थ्री-डी चित्रे, व्हिडिओ एडिटिंग, घरांचे आराखडे आणि गेम यांसाठी. गेमला आमचा विरोध नाही. पण घरात एकाची फी थकलेली असताना दुसऱ्याच्या गेमसाठी कार्ड आणणे, याला आम्ही इसराफच म्हणू.

आमच्या भाचीला मात्र गरज होती. ती इंटिरियर डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खोली उभी करायची आणि तिचे पक्के चित्र काढायला कॉम्प्युटर लावून झोपायचे, असा तिचा क्रम. फजरला उठून पाहावे तर चित्र अर्धेच झालेले. आमचे दुल्हेभाई शिलाईचे दुकान चालवतात. रमजानमध्ये रात्र रात्र मशीन चालवून जे बाजूला पडले होते, त्यातून कार्ड घ्यायचे ठरले. दुकानात त्यांना आरटीएक्स ३०५० दाखवले गेले, आठ जीबीचे. "आपल्या मशीनला चालेल ना?" या प्रश्नावर उत्तर मिळाले, "बिनधास्त चालेल." मशीन त्या दुकानदाराने कधी पाहिलेही नव्हते.

आम्ही सांगितले, पैसे देण्याआधी कॅबिनेट उघडा. बाजूचे पान काढले आणि एसएमपीएसवरचे लेबल वाचले. मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. खाली बारीक तक्त्यात +१२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात, म्हणून हिशेब तिथला करायचा. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. मोठ्या अक्षरांतल्या ४५० चा इथे काही उपयोग नाही. भाचीचा प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला, आणि आठ जीबीचे ३०५० कार्ड १३० वॅटचे. बेरीज १९५. पंखे आणि डिस्क धरायच्या आधीच मर्यादा ओलांडली! शिवाय त्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते, आणि तशी वायर या एसएमपीएसला नव्हतीच. दुकानदाराने फोनवर उपाय सुचवला: हार्ड डिस्कच्या वायरीवर कन्व्हर्टर लावा. आधीच कमी ताकदीच्या एसएमपीएसवर असा जुगाड केला की वायर तापते, प्लास्टिक वितळते. तो उपाय आम्ही करू दिला नाही.

दोन वाटा उरल्या. चांगला एसएमपीएस घ्यायचा आणि तेच कार्ड लावायचे, नाहीतर कमी वीज खाणारे कार्ड शोधायचे. आरटीएक्स ३०५० याच नावाचे सहा जीबीचे दुसरे कार्ड फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. ते ७० वॅटचे आहे. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देऊ शकतो, त्यामुळे या कार्डाच्या बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. नाव एक असले तरी आतला माल वेगळा आहे. सहा जीबीचे आठ जीबीच्या मानाने थोडे मंद. भाचीने तेच निवडले. एसएमपीएसचे पैसे वाचले, ते तिच्या फीच्या पाकिटात गेले.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी पाहून घेतल्या. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, तेवढी जागा कॅबिनेटमध्ये पट्टीने मोजली. ऑफिसांतून येणाऱ्या जुन्या, चपट्या मशीनमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड मावतच नाही, तिथे लो-प्रोफाइल कार्ड लागते. दुसरी गोष्ट मॉनिटरची. निळ्या व्हीजीएच्या वायरीला नव्या कार्डांवर जागा नसते, एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असतो. मॉनिटर जुना असेल तर कन्व्हर्टरचा खर्च आधीच धरावा.

वापरलेले कार्ड स्वस्त पडते, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर मारली की मोह होतोच. पण ते आधी कुठे राबले ते विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या मायनिंगसाठी अहोरात्र चाललेली कार्डे बाजारात उतरली. सगळीच खराब नसतात. पंखे झिजलेले, आतली पेस्ट सुकलेली, एवढे मात्र असू शकते. त्याहून वाईट म्हणजे बनावट कार्ड. जुन्या चिपला नव्याचे नाव चढवून ते विकतात. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशी बरीच कार्डे ओळखून 'फेक' अशी खूण दाखवते. विकणाऱ्यासमोरच ते चालवून पाहावे, यात लाजण्यासारखे काही नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पाहणारे आणि ओले धान्य वर ठेवायला सांगणारे आपले नबी (स.) होते. आपण स्वतः जुने कार्ड विकायला काढले, तरी पंखा आवाज करतो हे गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवे.

बसवायचे काम दुकानात पैसे देऊन करून घ्यावे, असे दुल्हेभाईंचे मत होते. आम्ही म्हटले, तिलाच करू द्या. जुम्याच्या दुपारी तिने ते केले. कॉम्प्युटर बंद करून वायर भिंतीतून काढली आणि उरलीसुरली वीज जावी म्हणून चालू करायचे बटण काही सेकंद दाबून धरले. मशीन गालिच्यावरून उचलून टेबलावर घेतले आणि अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. मागच्या दोन पट्ट्या काढल्या, प्रोसेसरजवळच्या लांब स्लॉटवर कार्ड सरळ धरले आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब दिला. टोकाची खिट्टी 'टक्' वाजली. मागे स्क्रू लावला. अम्मी दारात उभी राहून "हळू, हळू" म्हणत होती. पाऊण तासात सगळे आटोपले.

यानंतर पुष्कळ घरांत पडदा काळा राहतो आणि कार्ड बिघडल्याची ओरड सुरू होते. तेव्हा मॉनिटरची वायर पाहावी. ती जुन्या सवयीने मदरबोर्डलाच लावलेली असते. ती कार्डाला लावायची. मग एनव्हिडियाच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यायचा, इतर कुठूनही नाही.

ड्रायव्हर टाकूनही चित्र तेवढाच वेळ घेऊ लागले, तेव्हा भाची हिरमुसली. कारण साधे होते. ब्लेंडरला सांगितल्याशिवाय ते प्रोसेसरवरच काम करत राहते. प्रेफरन्सेसमधल्या सिस्टिम भागात ऑप्टिक्स निवडून आपल्या कार्डापुढे खूण करायची, आणि रेंडरच्या सेटिंगमध्ये सायकल्स इंजिन घेऊन डिव्हाइसच्या जागी जीपीयू कॉम्प्युट करायचे. तिने तसे केले. आता मगरिबला लावलेले चित्र इशाच्या अजानआधी तयार होते. बिल आणि खोका दुल्हेभाईंनी कपाटात, कापडाच्या ताग्यांमागे, जपून ठेवला आहे. वॉरंटीसाठी कार्डावरचा सिरियल नंबर त्या बिलावर लिहून घ्यायलाही ते विसरले नाहीत.