स्वस्त गोळीचा महाग हिशेब

बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बैलांसाठी दूरवर ओळखला जातो. कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावरील या गावी बैल घ्यावयास आलेला शेतकरी जनावराचे दात पाहतो, खूर तपासतो, त्याला चार पावले चालवून बघतो आणि मगच सौद्याची भाषा करतो. व्यवहारात इतका चोखंदळ असलेला हाच माणूस स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी औषधाच्या दुकानात जातो, तेव्हा मात्र ‘ठणका थांबेल अशी गोळी द्या’ एवढेच सांगून मोकळा होतो. गोळीत कोणते औषध आहे, ती किती दिवस घ्यावयाची, आधीपासून चालू असलेल्या औषधांबरोबर ती चालेल काय, यांपैकी एकही प्रश्न विचारला जात नाही. चार पैशांच्या गोळीची एवढी चौकशी कशाला, अशी त्यामागील समजूत असते. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण ही गोळी दिसते तितकी स्वस्त नाही. दुकानात द्यावी लागते ती तिच्या किमतीचा केवळ पहिला हप्ता होय.

या गोळीला एवढी मागणी का, हे आधी समजून घेतले पाहिजे. जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके कांदा, बटाटा आणि भाजीपाल्याचे. कांद्याची लावणी असो वा काढणी, ती उकिडवे बसून किंवा कमरेत वाकून करावी लागते आणि यातील बहुतेक काम स्त्रिया करतात. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या बाईचा गुडघा सुजला म्हणून हंगाम थांबत नाही. ती घरी बसली तर त्या दिवसाचा रोज बुडतो. स्वतःचे रान असेल तर पीक वाया जाते. अशा वेळी वेदनाशामक गोळी हे औषध राहत नाही. खत-बियाण्यांप्रमाणे तीही शेतीची एक निविष्ठा होऊन बसते. ‘उगाच गोळ्या खाऊ नका’ हा शहाणपणाचा उपदेश म्हणूनच व्यर्थ ठरतो. गोळी घेणाऱ्याला तिचा दिवसाचा फायदा स्पष्ट दिसतो. दिसत नाही तो तोटा, आणि तो दाखवून देणे हेच खरे काम आहे.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही सारी औषधे एकाच कुळातील. ती वेदनेबरोबर दाह आणि सूजही कमी करतात, म्हणून त्यांना दाहशामक म्हणतात. ॲस्पिरिनसारखी औषधे हे कार्य कसे करतात याचा उलगडा जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये केला आणि १९८२ चे नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले, त्यांत त्याचा समावेश होता. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ही औषधे त्यांची निर्मिती रोखतात. सांध्यातील सूज आणि ठणका यांना हीच द्रव्ये कारणीभूत असल्याने आराम पडतो. परंतु जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करण्याचे आणि प्रसंगी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरण्याचे कामही हीच द्रव्ये करीत असतात. गोळीला गुडघा तेवढा निवडता येत नाही. गुडघ्याचे दुखणे थांबविताना ती जठराचा आणि मूत्रपिंडाचा पहाराही उठविते.

यातूनच दोन रूढ गैरसमजांचे निराकरण होते. जेवणानंतर गोळी घेतली की पोटाला धोका नाही, हा पहिला. अन्नाबरोबर गोळी घेतल्याने जळजळ कमी होते हे खरे. परंतु अपाय मुख्यतः रक्तावाटे होतो, त्यामुळे व्रणाचा आणि रक्तस्रावाचा धोका टळत नाही. सुई टोचून घेतली म्हणजे पोट वाचते, हा दुसरा. तोही याच कारणाने खोटा आहे. वयाची पासष्टी ओलांडलेले, पूर्वी अल्सर झालेले, रक्त पातळ करणारी औषधे किंवा हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेणारे, यांना हा धोका विशेष असतो. त्यांना दाहशामक देणे अपरिहार्यच असेल, तर डॉक्टर जोडीला जठराचे रक्षण करणारे औषध देतात.

मूत्रपिंडाचा प्रकार याहून कपटी, कारण ते दुखून तक्रार करीत नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात दिवसभर घाम गाळणाऱ्या आणि आडोसा नाही म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बाईच्या शरीरातील पाणी घटलेले असते. नेमक्या अशाच वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा त्या संरक्षक द्रव्यांवर अवलंबून असतो आणि नेमकी त्याच वेळी गोळी घेतली जाते. त्यात मधुमेह असेल, किंवा रक्तदाबावरील काही गोळ्या आणि लघवी वाढविणारे औषध चालू असेल, तर धोका आणखी वाढतो. रक्तातील क्रिएटिनिनची साधी तपासणी हा बिघाड वेळीच दाखवू शकते. ती झाली नाही आणि पाळी डायलिसिसवर आली, तर रुग्णासह घरातील एका कमावत्या माणसाचे आठवड्यातील दोन-तीन दिवस रुग्णालयात जातात. उपचार सरकारी योजनेतून मोफत मिळाले, तरी ते बुडालेले दिवस कोणती योजना भरून देणार?

हृदयाचाही हिशेब याच वहीत मांडावा लागेल. रोफेकॉक्सिब हे त्या काळी नव्या पिढीचे म्हणून गाजलेले दाहशामक हृदयविकाराचा धोका वाढविते असे आढळल्याने २००४ मध्ये जगभर मागे घ्यावे लागले. जुनी औषधेही निर्दोष नाहीत. दिवसाला १५० मिलिग्रॅमप्रमाणे वर्षभर डायक्लोफेनॅक घेणाऱ्या दर हजार रुग्णांमागे हृदयविकारासारख्या सुमारे तीन गंभीर घटना जास्त घडतात, असा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी युरोपातील औषध-नियंत्रकांनी हृदयरोग्यांना हे औषध देऊ नये असे ठरविले.

बेल्ह्याच्या बैलबाजाराशी या औषधाचा आणखी एक संबंध आहे. लंगडणाऱ्या जनावरांना हेच डायक्लोफेनॅक सर्रास दिले जाई. अशा जनावराचे कलेवर खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. तोवर भारतातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली होती. केंद्र सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचे उत्पादन थांबविण्याचे पाऊल उचलले. माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या जनावरांसाठी वापरल्या जातात असे दिसताच २०१५ मध्ये त्या ३ मिलिलिटरपुरत्या मर्यादित केल्या. २०२३ मध्ये जनावरांसाठी ॲसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेन यांवरही बंदी घातली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, त्यामुळे माणसांसाठी बंदी मागण्याचे कारण नाही. परंतु पक्ष्यांच्या बाबतीत दाखविलेल्या दक्षतेचा काही अंश तरी माणसांच्या वाट्याला यावयास हवा. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम आहेच. तो पाकिटावर छापलेला असतो आणि बहुधा तेथेच राहतो.

मग गुडघेदुखीने बेजार झालेल्याने करावे तरी काय? प्रथम दुखणे कोणते ते ठरवून घ्यावे. झिजेमुळे होणारी गुडघेदुखी निराळी आणि आमवात निराळा. सकाळी तासभर बोटे आखडणे, दोन्ही हातांचे सांधे सुजणे ही आमवाताची लक्षणे असू शकतात. त्यात वेदनाशामक केवळ ठणका झाकतो, सांध्याचा नाश आतून चालूच राहतो. तो रोखणारी औषधे वेगळी आहेत आणि ती लवकर सुरू व्हावी लागतात. झिजेच्या दुखण्यात मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि असल्यास जादा वजन उतरविणे हे पायाभूत उपचार होत. औषध लागलेच, तर गुडघ्यावर आधी दाहशामक मलम लावून पाहावे. त्याचा फारच थोडा अंश रक्तात जातो. गोळी घ्यावी लागली, तर ती कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस आणि एका वेळी या कुळातील एकच घ्यावी. दोन निरनिराळ्या नावांच्या पाकिटांत एकच औषध असू शकते, म्हणून पाकिटावरील बारीक अक्षरे वाचावीत. जुलाब, उलट्या किंवा ताप असताना गोळी थांबवावी. शौचास डांबरासारखे काळे होणे, रक्ताची उलटी, लघवी कमी होणे, पायांवर सूज, छातीत दुखणे, यांपैकी काहीही झाले तर बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हे सारे सांगून झाल्यावरही एक प्रश्न उरतोच. दहा दिवस गुडघ्याला विश्रांती द्या, हा सल्ला पगारी रजा असलेल्या शिक्षकाला किंवा कारकुनाला परवडतो. रोजंदारीवरील बाईला नाही. तिच्या गोळीचा लाभ वेळेवर निघालेल्या कांद्याच्या रूपाने शेतमालक, व्यापारी आणि शहरातील ग्राहक या सर्वांना मिळतो. तोटा मात्र तिच्या एकटीच्या शरीरात साठत जातो. ज्या व्यवहारात नफा सर्वांचा आणि तोटा एकाचा, तो न्याय्य म्हणता येणार नाही. दुकानदाराने चिठ्ठी मागावी, आरोग्य केंद्राने नियमित गोळ्या घेणाऱ्यांचा रक्तदाब आणि क्रिएटिनिन तपासावे, कामावर बोलावणाऱ्याने पाणी, सावली आणि मधूनमधून उठण्याची सवड द्यावी. यांतील एकही मागणी अवाजवी नाही. आणि गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींनी निदान आपल्या आईच्या पिशवीतील पाकीट एकदा वाचून पाहावे. बैलाचे दात पारखणाऱ्या घराला हे अवघड नाही.